हर माल पाच सेंट

बाजारात जाणाऱ्या माणसांचे दोनच प्रकार असतात. एक भाव करणारे, आणि दुसरे दुकानदार सांगेल ते पैसे देऊन वर त्याचेच आभार मानणारे. मी जन्मापासून दुसऱ्या प्रकारात मोडतो. आमच्या घराण्याच्या वाट्याला आलेली भाव करण्याची सगळी प्रतिभा माझ्या आत्याने एकटीने वापरून टाकली. पुढच्या पिढीला काही उरलंच नाही. आत्या बोहारणीसमोर पाट घेऊन बसली की आळीतल्या चार बायका हातातली कामं टाकून ऐकायला यायच्या. दोन जुन्या साड्या आणि आतोबांची एक विजार यांच्या बदल्यात नुसता डबा, की डब्यावर एक वाटी, हा प्रश्न तासभर चालायचा. शेवटी बोहारीण गाठोडं डोक्यावर घेऊन उठायची, कोपऱ्यापर्यंत जायची आणि परत यायची. मग वाटी मिळायची. ती परत येणार हे आत्याला ठाऊक असायचं, आणि आत्याला ते ठाऊक आहे हे बोहारणीला ठाऊक असायचं.

माझ्यासारख्या मुखदुर्बळ गिऱ्हाइकाला या नाटकात काम नाही. भाजीवाली "काय द्यायचे ते द्या" म्हणाली की मला घाम फुटतो. म्हणून जत्रेतल्या 'हर माल'च्या गाडीवर माझा लहानपणापासून जीव. कंगवा, शिट्टी, चहाची गाळणी, केसांच्या पिना, सगळ्यांचा भाव एकच. मामलेदारालाही तोच आणि मलाही तोच. कुणी कुणाच्या तोंडाकडे बघायचं नाही. या गाडीची एक थोरली बहीण अमेरिकेत होऊन गेली. तिचं घराणं तिकडच्या लहान लहान गावांतून अजून नांदतं आहे. वरवर पाहिलं तर त्या घराण्याची हकिगत स्वस्ताईची आहे. पण जरा खरवडलं की खालून मानापमान निघतो.

मूळपुरुषाचं नाव फ्रँक विनफील्ड वुलवर्थ. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागातल्या एका शेतकऱ्याचा हा मुलगा, जन्म १८५२ चा. शेतीला कंटाळून तो वॉटरटाउन नावाच्या गावात एका दुकानात उमेदवारीला लागला. पहिले तीन महिने बिनपगारी. इतकं करूनही विक्रीची कला काही त्याच्या अंगी लागेना. पुढच्या एका दुकानात तर मालकाने त्याचं काम पाहून आठवड्याचा पगार दहा डॉलरवरून आठावर आणला. पगारवाढ न मिळालेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. पगारउतार मिळालेला हा पहिलाच.

१८७८ साली वॉटरटाउनच्या दुकानात एक टेबल मांडलं गेलं. त्यावर सटरफटर माल ठेवला आणि वर पाटी लावली: कुठलीही वस्तू पाच सेंट. टेबल रिकामं झालं! आणि ते रिकामं करताना विक्रेत्याला तोंडसुद्धा उघडावं लागलं नाही. वुलवर्थच्या डोक्यात तेव्हा काय लख्ख झालं असेल, हे मला अगदी आतून कळतं. ज्याला विकता येत नाही त्यानेच न बोलता खपवण्याचं दुकान काढावं, यात मला फार मोठा न्याय दिसतो.

१८७९ च्या फेब्रुवारीत त्याने उसनवारीने माल घेऊन युटिका गावात 'हर माल पाच सेंट'चं दुकान टाकलं. ते काही महिन्यांतच बसलं. पण २१ जूनला पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर गावी त्याने दुसरं उघडलं. आसपासचे शेतकरी जर्मन वळणाचे, काटकसरी, बाजारात आले तरी खिशावर हात ठेवून चालणारे. पहिल्या दिवसाचा गल्ला झाला १२७ डॉलर ६५ सेंट. ऐकायला फार वाटत नाही, पण त्याला पाच सेंटांनी भागून पाहा. एका दिवसात अडीच हजारांवर वस्तू! सुरुवातीच्या मालाच्या यादीत पत्र्याच्या मिरपुडीच्या डब्या आहेत, गाळण्या आहेत, चुलीतली राख काढायची फावडी आहेत आणि पोलिसाच्या शिट्ट्याही आहेत. पोलिसाची शिट्टी सामान्य गृहस्थाला कशाला लागते हे विचारू नये. पाच सेंटला मिळते म्हणून लागते.

ठरलेला एकच भाव ही काही वुलवर्थने शोधून काढलेली गोष्ट नव्हे. पण त्या काळच्या गावातल्या दुकानात माल असायचा दुकानदाराच्या पाठीमागे, फळीवर. गिऱ्हाइकाने मागायचं, त्याने काढून दाखवायचं आणि भाव पुष्कळदा गिऱ्हाइकाच्या कोटाकडे पाहून ठरायचा. फाटक्या कोटाच्या माणसाला "जरा ते दाखवा" म्हणायचीच चोरी. वुलवर्थकडे सगळा माल टेबलावर उघडा. हात लावा, उलटा करा, वाजवून बघा, परत ठेवा. खिशात पाच सेंटचं एक नाणं असलं की तुम्ही दुकानातले पूर्ण गिऱ्हाईक. पुढे दहा सेंटचाही माल आला. पाचच्या नाण्याला तिकडे निकेल म्हणतात आणि दहाच्याला डाइम, म्हणून या दुकानांना 'फाइव्ह अँड डाइम' असं नाव पडलं. गरिबाच्या नाण्याला पहिल्यांदा कुणीतरी "या, बसा" म्हटलं ते इथे.

अर्थात हा "या, बसा"चा खर्च कुणीतरी सोसत होतंच. वुलवर्थ थोक माल रोखीने घ्यायचा, कारखानदाराला पिळायचा आणि टेबलामागे उभ्या राहणाऱ्या पोरींना अगदी तुटपुंजा पगार द्यायचा. स्वस्त माल विकायचा तर माणसंही स्वस्तच ठेवली पाहिजेत, हे त्याचं मत होतं आणि ते त्याने लपवलंही नाही. १९१२ साली भाऊबंद आणि प्रतिस्पर्धी मिळून ५९६ दुकानांची एक कंपनी झाली. १९१३ साली न्यूयॉर्कमध्ये त्याने ७९२ फूट उंचीची इमारत उभी केली, तेव्हाची जगातली सर्वांत उंच. तिचे एक कोटी पस्तीस लाख डॉलर त्याने रोख मोजले. पाच-पाच सेंटांनी मोजले की काय, असा विनोद तिथल्या कारागिरांनाही सुचला असावा. इमारतीच्या दिवाणखान्यात वर कोनाड्यात एक गमतीदार मूर्ती आहे: खुद्द वुलवर्थ गुडघे पोटाशी घेऊन नाणी मोजतो आहे.

आता या उंच इमारतीवरून परत लहान गावात उतरू, कारण वुलवर्थची दुकानं हळूहळू मोठ्या शहरांतल्या मोठ्या रस्त्यांवर रमली होती. लहान गावातल्या दुकानदाराने काय करायचं? बॉस्टनमध्ये १८७७ साली निघालेल्या बटलर ब्रदर्स नावाच्या घाऊक पेढीने त्यावर तोड काढली. ती टपालाने माल पाठवायची. १९२७ पासून तिने 'बेन फ्रँकलिन' नावाची साखळी सुरू केली. दुकान तुमचं, भांडवल तुमचं, झोप मोडणार ती तुमची; नाव, माल आणि धंद्याची रीत आमची. यातलं एक दुकान १९४५ च्या सप्टेंबरात आर्कन्सासमधल्या न्यूपोर्ट या कापसाच्या गावी, लष्करातून नुकत्याच सुटलेल्या सत्तावीस वर्षांच्या एका तरुणाने घेतलं. किंमत २५,००० डॉलर. त्यातले २०,००० सासऱ्यांचे. त्याचं नाव सॅम वॉल्टन. (सासऱ्यांच्या पैशावर धंदा काढून नाव काढणारे जावई सगळ्या देशांत असतात, पण दुसरा भाग साधणारे कमी.)

वॉल्टनने डिस्काउंटचं गणित शिकलं ते एका अशा वस्तूवर, जिचा उल्लेख आमच्या घरात 'आतले कपडे' एवढाच होतो. बायकांच्या या कपड्यांचं डझन बटलर ब्रदर्स अडीच डॉलरला द्यायचे; ते एका डॉलरला तीन असे विकायचे. न्यूयॉर्कच्या एका दलालाकडे तसलंच डझन दोन डॉलरला मिळालं. वॉल्टनने ते डॉलरला चार लावले. डझनामागचा नफा दीड डॉलरवरून एकावर आला, पण खप इतका वाढला की एकूण नफा आधीपेक्षा पुष्कळ जास्त. माझ्या आत्याने हे गणित बोहारणीला शिकवलं असतं तर आमच्या घरात वाट्या ठेवायला जागा उरली नसती.

पाच वर्षांत न्यूपोर्टच्या दुकानाची वार्षिक विक्री ७२,००० वरून अडीच लाख डॉलरवर गेली. ते पाहून जागेच्या मालकाला एकाएकी आठवलं की आपल्याला एक मुलगा आहे आणि त्याला दुकान हवं आहे. भाडेकरार वाढवण्याचं कलम वॉल्टनने घातलेलं नव्हतं. बिऱ्हाड हलवावं लागलं. १९५० साली तो बेंटनव्हिल नावाच्या जेमतेम तीन हजार वस्तीच्या गावी आला. चांगल्या चाललेल्या भाडेकरूला घालवणारा घरमालक पुण्यातच असतो असा एक गैरसमज आहे, तो या निमित्ताने दूर व्हावा.

इथे या घराण्याच्या इतिहासातलं एक पान उघडावं लागतं. ते हसण्यासारखं नाही, पण ते वगळलं तर बाकीच्याला अर्थ राहत नाही. १ फेब्रुवारी १९६० ला नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरो शहरात चार काळे विद्यार्थी वुलवर्थच्या दुकानात गेले. त्यांनी टूथपेस्ट वगैरे किरकोळ खरेदी केली, पावती घेतली, आणि दुकानातच असलेल्या उपाहारगृहाच्या स्टुलांवर जाऊन बसले. कॉफी मागितली. मिळाली नाही. काळ्या माणसाने तिथे बसायचं नाही, असा रिवाज होता. म्हणजे टूथपेस्टच्या टेबलावर त्याचं नाणं चालत होतं आणि दहा पावलांवर तेच नाणं बाटत होतं! ते चौघे दुकान बंद होईपर्यंत बसून राहिले. दुसऱ्या दिवशी आणखी मुलं आली, मग शेकडो आली, मग गावोगावच्या दुकानांत बसू लागली. २५ जुलैला ग्रीन्सबरोचं ते टेबल सर्वांना खुलं झालं. "हर माल एक भाव" या पाटीचा खरा अर्थ दुकानदाराच्या आधी गिऱ्हाइकांना कळला, तो असा. त्या टेबलाचा भाग आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात ठेवलेला आहे.

इकडे वॉल्टनच्या हाती १९६२ पर्यंत लहान गावांतली पंधरा-एक दुकानं आली होती. त्याने शिकागोला जाऊन बटलर ब्रदर्सना सुचवलं की नफ्याचं प्रमाण निम्म्यावर आणा, आपण लहान गावांत मोठी डिस्काउंटची दुकानं काढू. त्यांनी त्याला वाटेला लावलं. लहान गावात मोठं दुकान चालत नाही, हे शहरात बसलेल्या सर्व शहाण्या माणसांना माहीत असतं. २ जुलै १९६२ ला रॉजर्स गावात त्याने राहतं घर गहाण टाकून स्वतःचं दुकान उघडलं. त्यावर पाटी लावली 'वॉल-मार्ट'.

१९६४ साली हॅरिसन गावी दुसरं वॉलमार्ट उघडलं तो प्रसंग लग्नातल्या फजितीसारखा आहे. वॉल्टनने दारापुढे कलिंगडांचा ढीग लावला होता आणि पोरांना बसायला गाढवं आणली होती. त्यात ऊन असं कडक पडलं की कलिंगडं फुटू लागली. गाढवांनी गाढवांचं जे कर्तव्य असतं ते केलं. दोन्हींचा मिळून जो काला झाला तो आवारभर वाहिला आणि गिऱ्हाइकांच्या पायांनी दुकानभर गेला. हे पाहायला डेव्हिड ग्लास नावाचा एक जाणकार आला होता. इतकं वाईट दुकान आपण पाहिलं नाही, असं त्याचं मत पडलं. गावकऱ्यांचं मत निराळं पडलं. आपल्या गावासाठी कुणी गाढवं आणतो, कलिंगडं आणतो आणि शहरापेक्षा कमी भावात साबण देतो, हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं. पुढे तेच ग्लाससाहेब वॉल्टनकडे नोकरीला आले आणि १९८८ साली वॉलमार्टचे मुख्य झाले.

वॉल्टनलाही फार लहान वाटावीत अशी गावं होतीच. त्यांची काळजी केंटकीतल्या स्कॉट्सव्हिलच्या टर्नर बापलेकांनी घेतली. बाप जे. एल. टर्नर अकरा वर्षांचा असताना त्याचे वडील अपघातात गेले आणि त्याची शाळा तिसरीत सुटली. लिहिणं-वाचणं त्याला पुढेही धड जमलं नाही. मंदीच्या काळात बुडालेल्या दुकानांचा माल विकत घेऊन तो विकायचा. १९३९ साली बापाने पाच हजार आणि मुलगा कॅल याने पाच हजार डॉलर घालून घाऊक धंदा सुरू केला. शहरातली मोठी दुकानं अधूनमधून 'डॉलरचा दिवस' साजरा करतात, हे कॅलने पाहिलं. त्याला वाटलं, रोजच का नको? १९५५ साली केंटकीतल्या स्प्रिंगफील्ड गावी पहिलं 'डॉलर जनरल' उघडलं. एक डॉलरच्या वर एकही वस्तू नाही. ज्याला पाटी वाचता येत नाही त्यालाही हिशेब करता यावा, असं दुकान एका न वाचता येणाऱ्या माणसाच्या घरातून निघालं. १९९३ साली त्या आजोबांच्या स्मरणार्थ कंपनीने साक्षरतेसाठी संस्थाही काढली.

१९९७ साल या घराण्यात मोठं विचित्र उजाडलं. मार्चमध्ये डाऊ जोन्सच्या यादीतून वुलवर्थ गेलं आणि त्याच दिवशी वॉलमार्ट आलं. त्याच वर्षी वुलवर्थने अमेरिकेतली उरलेली चारशेवर सटरफटर मालाची दुकानं बंद करायचं जाहीर केलं. बेन फ्रँकलिनच्या कंपनीचं दिवाळंही त्याच सुमारास पुरं झालं. पणजोबा आणि आजोबा एका वर्षात गेले. गावात मागे राहिली ती वॉलमार्टची अवाढव्य कोठारं, आणि जिथे तीही जात नाहीत तिथे डॉलर जनरल. त्यांची दुकानं आता वीस हजारांच्या वर आहेत, बहुतेक लहान गावांत. एक डॉलरची मर्यादा अर्थातच कधीच सुटली.

यात गावाचं काय झालं? कॅन्सस राज्यात हेवन नावाचं हजार-बाराशे वस्तीचं गाव आहे. हेवन म्हणजे आसरा. तिथे डॉलर जनरल आलं आणि काही वर्षांतच, २०१८ पर्यंत, गावातलं किराणा-भाजीचं जुनं दुकान बंद पडलं. जवळच्याच बुहलर गावाने हे पाहून आपल्याकडे नको म्हणून सांगितलं. नव्या दुकानात साबण, बिस्किटं, डबाबंद सूप सगळं मिळतं. ताजी भाजी आणि ताजं मांस कितीतरी शाखांत नाही. शिवाय पुडे लहान. लहान पुडा एका डॉलरला पडला म्हणजे स्वस्त वाटतो, पण शेराच्या भावाने हिशेब केला तर पुष्कळदा महागच निघतो. हे आपल्याला समजावून सांगायला नको. शांपूच्या पुडीवर आपण सगळे हेच शिकलो. गरिबाला थोडंथोडं घ्यावं लागतं आणि थोडंथोडं घेणं ही जगातली सर्वांत महागडी खरेदी आहे.

मला अशा वेळी आमच्या तालुक्याच्या गावातले किराणा दुकानदार आठवतात. त्यांच्या लाल वहीत अख्खं गाव होतं. कुणाच्या घरी बाळंतीण आहे, कुणाचा पगार अडला आहे, हे त्यांना डिंकाच्या आणि गुळाच्या मागणीवरून कळायचं. महिनाअखेरीला ते न बोलता वहीत लिहायचे. पण त्याच वहीतलं बाकीचं आकडं चार माणसांत मोठ्याने वाचून दाखवायलाही ते कमी करायचे नाहीत, आणि मग ज्याचं नाव वाचलं तो माणूस आठवडाभर लांबच्या रस्त्याने जायचा. ठरलेल्या भावाचं दुकान कुणाचं नाव वाचत नाही. आणि कुणाच्या नावावर लिहूनही घेत नाही. तिथे सगळे सारखे, कारण तिथे कुणीच ओळखीचं नाही.

लहान गावातल्या माणसाला खरं म्हणजे दोन्ही हवं असतं. भाव वुलवर्थचा आणि वही शेठजींची. गेल्या दीडशे वर्षांत एवढे हुशार लोक या धंद्यात आले, पण हे दोन्ही एका छपराखाली कुणाला ठेवता आलं नाही. प्रत्येकाने आधीच्यापेक्षा लहान गाव शोधलं, तिथल्या नाण्याला मान दिला, आणि तो मान देता देता गावातलं एक दार बंद केलं. हेवनच्या लोकांनी शेवटी स्वस्त दुकान निवडलं म्हणून त्यांना नावं ठेवायची माझी छाती नाही. महिन्याच्या पंचविशीला माणूस तत्त्वाने साबण घेत नाही.

न्यूयॉर्कची ती उंच इमारत वुलवर्थ कंपनीने १९९८ साली विकली. वरच्या मजल्यांवर आता श्रीमंतांचे फ्लॅट झाले आहेत, त्यांचा भाव पाच सेंटांत सांगायचा तर कागद पुरणार नाही. खालच्या दिवाणखान्यातला तो छोटा वुलवर्थ मात्र अजून गुडघे पोटाशी घेऊन बसला आहे. शंभरावर वर्षं झाली, मोजणी संपलेली नाही. कुणाचं तरी एखादं नाणं हिशेबात लागत नसावं.